नळाचा सांधा गळू नये म्हणून



काही दिवसांपूर्वी आपल्या समाजातील एका वयस्क भगिनींकडे बिकूर होलीमसाठी गेले होते. चहा करावयास मी स्वयंपाकघरात शिरले, तो सिंकखाली एक मोठे पातेले ठेवलेले दिसले. वर पाहिले तर नळाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होते. विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "असू दे गं, सकाळ-संध्याकाळ दोनदा ओतते मी." का दुरुस्त करीत नाही, तर इन्स्टलाटोरला फोन करावयाचा म्हणजे हिब्रूत बोलावे लागणार, तो घरात येणार, आणि किती मागेल कोण जाणे! गुडघे दुखत असताना ही माउली रोज दोन वेळा वाकून पाच लिटरचे पातेले उचलीत होती.

त्या सांध्यातील रबरी वायसर कडक होऊन चिरली होती. थोड्या शेकेलांची नवी वायसर आणून दहा मिनिटांत काम झाले. परंतु घरी परतताना मनात आले की अशी पातेली आपल्या किती घरांत असतील? म्हणून हा पाठ. तो वाचून प्रत्येकाने पाना हाती घ्यावा असे माझे म्हणणे नाही. पण आपल्या घरात पाणी कोठून आणि का गळते हे कळले तर भीती जाते, आणि कारागीर बोलावला तरी त्याच्याशी चार शब्द समजून बोलता येतात.

आधी थोडे गणित करू. पाच लिटरचे पातेले दिवसातून दोनदा भरले तर दहा लिटर झाले. वर्षाचे दिवस 365, म्हणजे 3,650 लिटर. आपले पाण्याचे बिल ‘कुब’वर येते आणि एक कुब म्हणजे हजार लिटर, तेव्हा साडेतीन कुबांहून अधिक पाणी त्या पातेल्यातून मोरीत गेले. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण शाळेत काटकसरीसाठी शिकलो. ती गळतीलाही तितकीच लागू आहे.

आटा म्हणजे काय?

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरकी कड पेन्सिलीवर वळसे घेत वर चढताना दिसेल. तोच आटा. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ.

आपल्या घरातील नळजोडण्यांचे आटे इंग्रजी पद्धतीचे असतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांचे प्रमाण सुचविले. त्यात आट्याचा कोन 55 अंशांचा ठरविला. पुढे नळाच्या आट्यांसाठीही तोच कोन राहिला. हिंदुस्थानात इंग्रजांचे राज्य होते, आणि येथेही 1948 पर्यंत त्यांचा अंमल होता. मुंबईच्या अर्ध्या इंची नळाचा आटा आणि दिमोनाच्या किंवा अश्दोदच्या नळाचा आटा आजही एकाच प्रमाणाचा आहे. अमेरिकेत मात्र कोन 60 अंशांचा. अर्ध्या इंची मापात दोहोंकडे एका इंचात 14 आटेच असतात, म्हणून अमेरिकेहून आणलेला नळाचा भाग आपल्या जोडणीत एकदोन फेरे बसल्यासारखा वाटतो. पण तो नीट बसत नाही आणि गळतो. तो जोर लावून बसवू नये.

आणखी एक घोटाळा येथेच दूर करू. अर्ध्या इंची जोडणीला मोजपट्टी लावली तर आट्याचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर भरतो. अर्धा इंच म्हणजे तर पावणेतेरा मिलिमीटरही नाही! कारण हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडले आहे, बाहेरच्या मापावरून नाही. दुकानात जाताना जुना भागच खिशात घालून न्यावा, हे सर्वांत उत्तम.

आता मुख्य प्रश्न. दोन भाग इतके घट्ट पिळल्यावर पाणी येते कोठून? एका आट्याची धार दुसऱ्याच्या खाचेत बसते, परंतु धातूवर धातू तंतोतंत टेकत नाही. धारेच्या टोकाशी आणि खाचेच्या बुडाशी सूक्ष्म फट राहतेच, आणि ती आट्याबरोबर गोल गोल वर जाते. अर्ध्या इंची पाइपाचा घेर सुमारे 66 मिलिमीटर. सहा आटे बसले असतील तर ही वाट जवळजवळ चाळीस सेंटिमीटर लांबीची होते. पाण्यासाठी तो गोल जिनाच समजा. नळात चार बार दाब असेल तर तो चाळीस मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका होतो. एवढा दाब पाठीशी असताना पाणी तो जिना सहज चढून बाहेर येते.

या पाठातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे की, आटे धरून ठेवतात, पाणी अडविणारे दुसरेच काही असते. म्हणून गळणाऱ्या सांध्यासमोर बसल्यावर पहिला प्रश्न विचारावा, "येथे पाणी कोण अडवीत आहे?"

सांध्यांच्या दोन जाती

पहिल्या जातीच्या सांध्यात पाणी वायसर अडविते. शॉवरची लवचीक नळी, सिंकखालच्या विणलेल्या तारेच्या नळ्या, कपडे धुण्याच्या यंत्राची नळी हे सर्व या जातीचे. ढिबरीच्या आत रबराची चपटी चकती असते. ढिबरी फिरविली की चकती समोरच्या सपाट कडेवर दाबली जाते. येथे आट्यांचे काम फक्त दाबून धरण्याचे. अशा सांध्यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची चूक फार जण करतात. तिने लाभ तर होत नाहीच, उलट आटे भरल्यामुळे ढिबरी आधीच घट्ट होते आणि चकती पुरती दाबली जात नाही. उपाय एकच: जुनी वायसर काढावी, समोरची कड पुसावी, नवी वायसर सरळ बसवावी, ढिबरी हाताने घट्ट करावी आणि मग पान्याने साधारण पाव फेरा द्यावा. युनियन नावाच्या सांध्यातही पाणी त्याच्या आतील बैठक अडविते, मधल्या मोठ्या ढिबरीचे आटे नव्हेत.

दुसऱ्या जातीच्या सांध्यात वायसर नसते. भिंतीतील एल्बोमध्ये बसणारा नळ, निपल, सॉकेट, टी हे या जातीचे. यांत बाहेरचे आटे पुष्कळदा निमुळते असतात. त्यांचे प्रमाण 16 ला 1, म्हणजे 16 मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने उतरतो. बाटलीच्या बुचाप्रमाणे असा भाग आत जाता जाता घट्ट होत जातो. तरीही तो गोल जिना उरतोच, आणि तो बुजवावा लागतो. बुजविण्याची घरगुती साधने दोन: टेफ्लॉनची पट्टी आणि पिश्तान.

टेफ्लॉनची पट्टी

या पदार्थाचा शोध अपघाताने लागला. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने वायूची एक टाकी उघडली, तर वायू बाहेर येईना. टाकीचे वजन मात्र भरलेल्या टाकीइतके. ती कापून पाहिली तेव्हा आत मेणासारखी पांढरी भुकटी निघाली. वायूचे कण एकमेकांना जोडले जाऊन हा घन पदार्थ झाला होता. त्याला बहुतेक काहीही चिकटत नाही आणि पाण्याने किंवा घरातील रसायनांनी तो बिघडत नाही.

या पट्टीला गोंद नसतो हे ध्यानात ठेवावे. ती चिकटवीत नाही. फटी भरते, आणि गुळगुळीत असल्यामुळे आटे अधिक आत जाऊ देते. पद्धत अशी:

1. जुनी पट्टी, गंज आणि पांढरा क्षार तारेच्या ब्रशाने काढून आटे स्वच्छ व कोरडे करावेत.

2. पट्टी न लावता सांधा एकदा हाताने बसवून पाहावा. सैल जात असेल तर पट्टीचे वेढे अधिक लागतील.

3. पाइपाचे तोंड आपल्याकडे करून, घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने पट्टी गुंडाळावी. उलट गुंडाळली तर सांधा पिळताना ती सुटून बाहेर गोळा होते. दहापैकी निम्म्या फसलेल्या कामांत मला हीच चूक आढळली आहे.

4. तोंडाजवळचा पहिला आटा मोकळा सोडावा, नाही तर पट्टीचे तुकडे पाण्यात जाऊन नळाच्या जाळीत अडकतात.

5. पट्टी ताणून, अर्धी अर्धी चढवीत गुंडाळावी, म्हणजे ती आट्यांत रुतते. पातळ पट्टीचे अर्ध्या इंची सांध्याला सहा ते दहा वेढे. सांधा सैल असेल तर आणखी दोनचार.

6. सांधा बसविल्यावर मागे फिरवू नये. नळाचे तोंड वाकडे राहिले म्हणून पाव फेरा उलट दिला, की आतली पट्टी फाटली असे समजावे. सर्व काढून पुन्हा नवी लावावी.

पिश्तान

हा शब्द आपण येथे इन्स्टलाटोरच्या तोंडी ऐकतो. पिवळट सोनेरी धाग्यांची ती वेणी पाहून पुष्कळांना वाटते की हा ताग किंवा काथ्या असावा. तसे नाही. पिश्तान म्हणजे जवसाचे, अळशीचे झाड. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खाल्ली, त्याच झाडाच्या देठाचा हा धागा. तागाचे तलम कापड, ज्याला इंग्रजीत लिनन म्हणतात, ते खरे पाहता याच धाग्याचे.

यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोच्या राहाबने दोन हेरांना घराच्या धाब्यावर लपविले, ते याच झाडाच्या रचलेल्या देठांखाली. लोकर आणि जवसाचे सूत एका वस्त्रात एकत्र नसावे, हा शातनेझचा नियमही याच धाग्याविषयी आहे. नियम वस्त्रापुरता आहे, नळाला लागू नाही. तेव्हा निर्धास्त असावे!

या धाग्याचा गुण असा की तो ओला झाला की फुगतो. सांधा किंचित पाझरला तरी धागा फुगून वाट बंद करतो. शिवाय नळाचे तोंड सरळ करण्यासाठी थोडे मागे फिरविणे त्याला सोसते. टेफ्लॉनला सोसत नाही. म्हणून इतक्या वर्षांनंतरही जुने कारागीर पिश्तान सोडीत नाहीत.

लावताना आटे आधी खरखरीत करावेत. नवे पितळी आटे गुळगुळीत असतात आणि धागा त्यांवरून घसरतो. करवतीच्या पात्याने हलके ओरखडे काढावेत. धाग्याची पातळ बट घेऊन, वर सांगितलेल्या दिशेनेच, आट्यांच्या खाचांत भरावी आणि वरून नळासाठी मिळणारा लेप बोटाने चोळावा. आपल्याकडे मुंबईच्या चाळींत नळवाले सुतावर सफेदा लावीत. जुना सफेदा शिशाचा असे आणि शिसे विषारी आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याला चालेल असे डब्यावर लिहिलेला लेपच घ्यावा.

पिश्तानचा दोष असा की जास्त झाला तर घात करतो. जाड बट कोंबून जोर लावला तर सॉकेट फुटते. प्लास्टिकच्या आट्यांवर तर तो लावूच नये. तेथे फक्त टेफ्लॉन, हाताने घट्ट आणि वर थोडासा फेरा. आणखी एक नियम पाळावा: धातूचा निमुळता आटा प्लास्टिकच्या भागात पिळून बसवू नये. तो पाचरीसारखा काम करतो आणि प्लास्टिक चिरते, पुष्कळदा त्या दिवशी नव्हे तर महिन्याने.

माझी चूक

हे सर्व मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एलूल महिन्यात मी न्हाणीघरातील नळ स्वतः बदलला. पट्टी नीट लावली, सांधा घट्ट बसला. मग मनात आले, अजून एक फेरा देऊ, म्हणजे चिंता नको. हातात लांब दांड्याचा पाना होता. दांडा जितका लांब तितका जोर अधिक, हा तरफेचा नियम मी वर्गात कितीदा शिकविला होता! भिंतीच्या आत "कट्" असा बारीक आवाज झाला. बाहेर एक थेंबही दिसला नाही, म्हणून मी समाधानाने पाना ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरील शेजारीण वर आली. तिच्या छतावर मोठा पिवळा डाग पडला होता. भिंतीतील एल्बोला चीर गेली होती. सहा फरशा फोडाव्या लागल्या, तिचे छत रंगवून द्यावे लागले, आणि जो कारागीर मी टाळला होता तोच बोलवावा लागला. किप्पूरपूर्वी शेजाऱ्यांची क्षमा मागावयाची असतेच. त्या वर्षी मला कारण शोधावे लागले नाही. चिकाचा हलवा घेऊन गेले. तिने हलवा घेतला, मला आत बसविले, आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आधी मला सांग, माझा भाऊ करून देईल."

यातून दोन धडे घ्यावेत. एक, पाने नेहमी दोन वापरावेत. एकाने मागचा भाग धरून ठेवावा, दुसऱ्याने पुढचा फिरवावा, म्हणजे जोर भिंतीत जात नाही. आणि दुसरा, गळती थांबते ती जोराने नव्हे, भरलेल्या फटीने. सांधा ठिबकत असेल तर आणखी पिळू नये. उघडून, स्वच्छ करून, पुन्हा भरावा.

काम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

घरात आल्या दिवशीच मुख्य नळ, बेरेज राशी, कोठे आहे ते पाहून ठेवावे आणि तो खरोखर फिरतो की गंजून अडकला आहे हे तपासावे. इमारतीत सर्वांचे मीटर एकत्र असतील तर आपला कोणता हे वाद बाईतच्या माणसास विचारून चिठ्ठी लावावी. वीस वर्षे त्या घरात राहून ज्यांना हे माहीत नाही अशी माणसे मी पाहिली आहेत. पाणी उडू लागले की शोधावयास वेळ नसतो.

मुख्य नळ बंद केल्यावर सर्वांत खालचा नळ उघडून आतील दाब जाऊ द्यावा. दुरुस्तीनंतर मुख्य नळ सावकाश उघडावा. सांधा फडक्याने कोरडा करून त्याभोवती पातळ कागद गुंडाळावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागद दाखवितो. दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या सकाळी पाहावे. म्हणून असे काम शुक्रवारी दुपारी कधीही काढू नये. एखादा भाग मोडला तर दुकाने बंद, कारागीर नाही, आणि सबंध शब्बाथ घर पाण्याविना.

भिंतीतील गळतीची शंका असेल तर रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा व सकाळी कोणी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल तर पाणी कोठेतरी जात आहे.

दोन ठिकाणी हात लावू नये. गॅसच्या नळीचा कोणताही सांधा परवाना असलेल्या गॅस कारागिरानेच उघडावा. पाण्याची गळती छत भिजविते, गॅसची गळती जीव घेते. आणि छतावरील दूद शेमेशच्या जोडण्या: उन्हाळ्यात त्यातील पाणी कातडी भाजेल इतके तापते, वर विजेची जोडणीही असते. ते काम माहितगाराचे.

एका गळतीची गोष्ट

गळती नेहमीच वाईट का? सिमखा ब्लास या जलअभियंत्याची गोष्ट आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. 1930 नंतरच्या दशकात त्यांच्या नजरेस एक झाड आणले गेले. पाणी न देता ते शेजारच्या झाडांहून कितीतरी मोठे झाले होते. जमीन उकरली तेव्हा नळाच्या एका सांध्यातून थेंब थेंब पाणी मुळांशी पडत असल्याचे आढळले. ती आठवण त्यांनी वर्षानुवर्षे जपली. पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्यावर त्यांनी ठिबकण्याचे माप ठरवून देणारे साधन केले आणि 1965 साली बेएर-शेवाजवळच्या हात्झेरीम किबुत्झाबरोबर त्याच्या उत्पादनाचा करार केला. आज महाराष्ट्रातील शेतकरीही ठिबक सिंचन हा शब्द रोज वापरतो.

तोच थेंब मुळाशी पडला तर झाड वाढवितो, आणि सिंकखाली पडला तर एका म्हातारीला दिवसातून दोनदा वाकवितो. म्हणून या महिन्यात एवढे करावे: आपल्या घरातील सिंकखाली एकदा वाकून पाहावे. मग ओळखीच्या एखाद्या वयस्क, एकट्या राहणाऱ्या बंधूच्या किंवा भगिनीच्या घरी जावे आणि तेथेही पाहावे. पातेले आढळले तर निमूटपणे पाहून परतू नये. वायसर असेल तर बदलून द्यावी; न जमले तर त्यांच्या वतीने फोन करावा आणि कारागीर येईल तेव्हा शेजारी बसून राहावे. आजाऱ्याची विचारपूस करणे हा मित्स्वा आहे, तसा हाही आहे असे मी मानते.

उजळणी

1. पाणी वायसर अडविते की भरलेले आटे, हे आधी ओळखा.
2. वायसरच्या सांध्यावर पट्टी लावू नका.
3. पट्टी असो वा पिश्तान, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा.
4. टेफ्लॉनचा सांधा मागे फिरवू नका.
5. पाने दोन वापरा, आणि तो शेवटचा जादा फेरा देऊ नका.

शालोम.